काळोखाचा पंचनामा

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, त्याच्यावर तिरकी पसरलेली आकाशगंगा आणि कड्यापाशी हेडलॅम्प लावून उभा असलेला एक मुलगा. हा फोटो तुम्ही पाहिलाय. तो नसेल तर राजमाचीचा, कळसूबाईचा, नाहीतर भंडारदऱ्याच्या पाण्यात उतरलेल्या ताऱ्यांचा. पाहिला, लाईक केला, मित्राला पाठवला आणि खाली लिहिलं, 'जायचं का?' मग ग्रुपवर दोन दिवस चर्चा. सोलापूरहून हरिश्चंद्रगड साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. गाडी कुणाची, पेट्रोल किती, घरी काय सांगायचं, सोमवारी प्रॅक्टिकल आहे त्याचं काय? बहुतेक बेत इथंच विरतात.

विरू द्या. सह्याद्री कुठं पळून जात नाही. पण तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जे आकाश आहे, ते मात्र दरवर्षी थोडं थोडं हातातून निसटतंय. त्याचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून त्याच्या जाण्याची नोंदही होत नाही. आज बोलायचंय ते यावर. रात्रीच्या आकाशाचा फोटो आपण वॉलपेपर म्हणून बघतो, पण मुळात तो एक पंचनामा असतो. अमुक तारखेला, अमुक जागी, इतक्या वाजता आकाश किती काळं होतं आणि त्यात किती तारे होते, याची ती नोंद असते. आणि अशी नोंद करायची वेळ आता आली आहे.

का, ते आकड्यांत बघा. २०१६ साली शास्त्रज्ञांनी जगाचा प्रकाश-प्रदूषणाचा नकाशा तयार केला. त्यातून दिसलं की जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना ते राहतात तिथून आकाशगंगा दिसतच नाही. पुढं २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. २०११ ते २०२२ या काळात हजारो सामान्य लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे बघून नोंदी पाठवल्या होत्या. त्यावरून हिशेब निघाला, की आकाशाची चमक वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतेय. म्हणजे ज्या जागेवरून एखाद्या बाळाच्या जन्माच्या वेळी २५० तारे दिसत होते, तिथून ते बाळ अठरा वर्षांचं होईपर्यंत जेमतेम १०० दिसतील. अठरा वर्षं म्हणजे तुमच्यातल्या एफवायवाल्यांचं आजवरचं सगळं आयुष्य! या नोंदी मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतून आलेल्या होत्या. आपल्या बाजूच्या त्यात फार थोड्या. म्हणजे आपलं आकाश किती उजळलं, हे सांगायला आपणच पुढं यायला हवं.

आता तुमचा पहिला प्रश्न. आपल्या सोलापुरात डोंगर कुठायत बे?

आहेत की. उत्तरेला बालाघाटाची रांग आहे. तुळजापूरचा घाट चढताना जी लागते, तीच. तिकडं बार्शीच्या पुढं येडशी-रामलिंगपर्यंत ती पसरलीय. सह्याद्रीसारखे ताशीव कडे नाहीत, पण फोटोच्या तळाशी काळी रेघ हवी असेल तर पुरून उरेल एवढा डोंगर नक्की आहे. सोलापूरकरांची अडचण डोंगराची नाहीच, दिशेची आहे. आपल्याकडून आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च, फोटोत झगमगणारा भाग दक्षिणेला दिसतो. डोंगर आहेत उत्तरेला. आणि दोघांच्या मधे बसलंय आपलं शहर, आपला सगळा उजेड घेऊन.

यातून दोन वेगवेगळे फोटो निघतात. पहिला, डोंगराच्या दक्षिणेला सपाटीवर उभं राहून उत्तरेकडं कॅमेरा लावायचा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा आपल्या क्षितिजापासून तेवढाच वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंशांची, म्हणजे दोन मुठींनाही थोडा कमीच. त्यामुळं डोंगर आणि ध्रुव एकाच चौकटीत आरामात बसतात. तीस-तीस सेकंदांचे १२० फोटो सलग काढा आणि एकावर एक चढवा. तासाभरात प्रत्येक तारा ध्रुवाभोवती १५ अंशांची कमान काढतो. युरोपातल्या फोटोंमध्ये सप्तर्षी रात्रभर मावळत नाहीत, ध्रुवाभोवती फिरतच राहतात. आपल्याकडं ते मावळतात, डोंगराआड जातात. हा फरक फोटोत दिसला की भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश पहिल्यांदा खरा वाटतो.

दुसरा फोटो डोंगरावरून, तोंड दक्षिणेला. इथं आपलं नशीब जोरदार आहे. आकाशगंगेचं केंद्र आपल्याकडून क्षितिजापासून ४३ अंशांपर्यंत वर येतं, म्हणजे चार मुठींहून जास्त. लंडनमधून तेच केंद्र जेमतेम १० अंश वर येतं आणि घरांच्या छपरांत हरवतं. जगभरातले हौशी फोटोग्राफर ज्यासाठी विमानाचं तिकीट काढतात, ते आपल्या डोक्यावर फुकट येतं. फक्त क्षितिजावर पिवळट-पांढरा घुमट दिसेल. तो सोलापूरचा उजेड. फोटो बिघडला म्हणून तो कापून टाकायचा मोह होईल. कापू नका. पंचनाम्यातला तोच तर मुख्य पुरावा आहे.

कधी जायचं, याचं उत्तर घरातल्या कॅलेंडरवर आहे. धुंधुरमासात पहाटे उठून आजीच्या हातची बाजरीची भाकरी आणि खिचडी खाल्ली असेल, तर आठवा. धुंधुरमास म्हणजे धनुर्मास, सूर्य धनु राशीत असण्याचा महिना. आकाशगंगेचं केंद्र याच धनु राशीत, वृश्चिकाच्या शेपटीजवळ, मूळ नक्षत्राच्या भागात आहे. म्हणजे त्या महिन्यात ते सूर्यासोबत दिवसा उगवतं आणि त्याच्यासोबतच मावळतं, रात्री दिसत नाही. म्हणून डिसेंबरच्या मध्यरात्री काढलेला म्हणून कुणी आकाशगंगेच्या केंद्राचा फोटो टाकला, तर खुशाल हसा. संक्रांत झाली, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली, की पुढं फेब्रुवारीच्या शेवटी ते पहाटे तीनच्या सुमारास उगवायला लागतं. मार्चच्या उत्तरार्धात रात्री एकनंतर, एप्रिलच्या उत्तरार्धात अकराच्या सुमारास आणि मेच्या मध्याला साडेनऊच्या आसपास. उगवल्यावर दोनेक तास द्या, म्हणजे क्षितिजाची धूळ सोडून ते वर येतं. मे महिन्यात एखादा वळीव पडून गेला असेल तर हवा अशी धुऊन निघते की विचारू नका. जूनमध्ये सह्याद्री ढगांत जातो. आपण पर्जन्यछायेत असल्यानं एखादी मोकळी रात्र आपल्याला मिळूनही जाते.

हिवाळ्यात काय? हिवाळ्यात मृग आहे, रोहिणी आहे, कृत्तिका आहेत, दक्षिणेला अगस्ती आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी कणसावर आलेली आणि तिच्यावर मृग नक्षत्र! असा फोटो सह्याद्रीवाल्यांनी काढून दाखवावा.

रात्र मात्र अमावस्येच्या चार-पाच दिवस मागचीपुढचीच निवडा, कारण चंद्र असला की आकाशगंगा फिकी पडते. 'अमावस्येला रात्री कुठं निघालास?' असं घरचे विचारतील. त्यांना नीट समजावून सांगा, जमलं तर एखाद्याला सोबतच घ्या. आकाशाची सगळ्यात जास्त माहिती बऱ्याचदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडंच निघते.

कॅमेरा नाही, ही सबब आता चालत नाही. २०१९ मध्ये गुगलनं पिक्सेल ४ मध्ये ताऱ्यांसाठी खास सोय दिली, ज्यात १६ सेकंदांचे १५ फोटो फोन स्वतःच जोडायचा. आज मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो. फोन ट्रायपॉडवर लावा, ट्रायपॉड नसेल तर दोन विटांत नीट बसवा. मुख्य लेन्स वापरा, झूम नको. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ ते २० सेकंद, फोकस हातानं एखाद्या ठळक ताऱ्यावर, दोन सेकंदांचा टायमर आणि फाईल रॉ. शटर २० सेकंदांच्या पुढं का न्यायचं नाही? पृथ्वी फिरतेय म्हणून. ताशी १५ अंशांनी आकाश सरकतं आणि तारा ठिपका न राहता रेघ होतो. ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीनं भागायचं, हा ढोबळ नियम. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिलीमीटरच्या बरोबरीची असते, म्हणून २० सेकंद. फोटो जोडायला 'सिक्वेटर' आणि 'स्टारस्टॅक्स' ही फुकट सॉफ्टवेअर आहेत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि व्हॉट्सॲप एकदा उघडलं की ती एका सेकंदात मोडते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा.

एवढं जमलं की पुढचा प्रश्न तंत्राचा उरत नाही, प्रामाणिकपणाचा होतो. आकाश लडाखचं, खाली किल्ला महाराष्ट्रातला, मधे सॉफ्टवेअरची शिवण. असे फोटो भरपूर फिरतात आणि आता तर एआयला दोन ओळी लिहून दिल्या की अंथरुणातून न उठता आकाशगंगा मिळते. कला म्हणून कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. दोन फोटो जोडले तर 'जोडले' एवढं कॅप्शनमध्ये लिहिलं की भांडण मिटतं. पण न सांगता शिवलेला फोटो बघणाऱ्याला एक खोटी समजूत देतो, की आकाश अजून तसंच आहे, सगळं ठीक चाललंय. पंचांनी जागेवर न जाता सही केलेला पंचनामा कोर्टात टिकतो का? तसंच हे.

म्हणून एक सोपं काम सुचवतो. कॉलेजचा एक ग्रुप, एक ठरलेली जागा. दर अमावस्येला त्याच जागेवरून, त्याच दिशेला, त्याच सेटिंगवर एक फोटो. आयएसओ, शटर, व्हाईट बॅलन्स सगळं कुलूपबंद. नाईट मोड बंद, कारण तो अंधाराला आपल्या मनानं उजळवतो. सोबत वहीत तारीख, वेळ, ढग, धूळ. वर्षभरात बारा फोटो होतात. यंदाचा मे आणि पुढच्या वर्षीचा मे शेजारी ठेवले की क्षितिजावरचा तो घुमट वाढला का, हे डोळ्यांना दिसतं. तीन वर्षांची डिग्री पूर्ण होईपर्यंत तुमच्याकडं पुरावा असेल. शिवाय 'ग्लोब ॲट नाईट' हा जगभर चालणारा उपक्रम आहे. मृग, सिंह, वृश्चिक अशा नक्षत्रांतले किती तारे दिसतात ते नकाशाशी ताडून बघायचं आणि फोनवरून नोंद पाठवायची. २०२३ चा तो अभ्यास अशाच नोंदींवर उभा राहिला. उपग्रह असताना माणसं कशाला, असं वाटेल. पण नव्या पांढऱ्या एलईडीमधला निळा उजेड बऱ्याच उपग्रहांना नीट दिसत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्याला तो दिसतो.

आता एक आक्षेप. तो खरा आहे, त्यामुळं टाळून चालणार नाही. गावागावात वर्षानुवर्षं लोकांनी दिव्याची वाट पाहिली आणि आज शहरातली पोरं येऊन सांगणार की अंधार जपा? थ्री फेज रात्रीची असते म्हणून मध्यरात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. बांधावर साप कुठं आहे ते दिसायला त्याला उजेड हवाच. क्लास सुटल्यावर एकटी घरी येणाऱ्या मुलीला गल्लीत दिवा हवाच. तो मागणं हा तिचा हक्क आहे आणि ताऱ्यांसाठी तो सोडून दे, असं कुणी म्हणू नये.

पण तो उजेड नेमका जातो कुठं, ते बघा. चौकातला हायमास्ट निम्मा उजेड शेजारच्या रानात आणि आभाळात फेकत असेल, तर त्या मुलीच्या वाटेवर काय पडलं? उलट डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटामुळं त्यामागची सावली आणखी काळी होते आणि तिच्यात कोण उभं आहे ते दिसत नाही. रात्रभर पेटलेले जाहिरातींचे फलक, वर तोंड करून लावलेले फोकस, मिरवणुकीत आभाळ चिरत जाणाऱ्या शार्पी. यातलं शेतकऱ्याच्या किंवा त्या मुलीच्या कामाचं काय? दिव्याला वरून टोपी, तोंड खाली, रंग थोडा पिवळसर आणि गरज संपली की बंद. एवढ्यानं वाटेवरचा उजेड वाढतो आणि आकाशातला कमी होतो. वीजबिलाचं गणित कॉमर्सवाल्यांनी मांडावं.

हे शक्य आहे का? आपल्याच राज्यात झालंय. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडं तोंड असलेले लावले. गावं अंधारात गेली नाहीत, त्यांचे दिवे फक्त खाली बघायला लागले. लडाखमधल्या हानले गावाभोवतीचा परिसर २०२२ मध्ये असाच राखीव झाला. तिथल्या गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, दिव्यांना झाकणं बसवली. आज तिथली माणसं येणाऱ्यांना दुर्बिणीतून तारे दाखवतात आणि त्यावर चार पैसे कमावतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवतेय. बालाघाटाच्या पायथ्याला असं काही होऊ शकत नाही, असं कुठं लिहिलंय?

फोटोग्राफरनं आपलंही वागणं तपासायला हवं. भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाच्या तोंडावर काजवे फुलतात. ते एकमेकांना शोधतात ते उजेडाच्या खुणेवर. तिथं शेकडो गाड्यांचे हेडलाईट आणि फ्लॅश गेले की त्यांचं बोलणंच तुटतं. ज्या अंधारासाठी गेलो, तो आपणच विस्कटून आलो, असं व्हायला नको. अभयारण्यात आणि संरक्षित किल्ल्यात सूर्यास्तानंतर जाता येतं का, हे आधी विचारा. नाही म्हटलं तर नाही. शेतात उभं राहायचं असेल तर मालकाला सांगून. एकट्यानं जायचं नाही, घरी नेमकी जागा कळवायची, पायात बूट, कड्याच्या टोकावर फोटोसाठी पोज नाही आणि शेकोटी तर अजिबात नाही. उन्हाळ्यात बालाघाटाचं गवत म्हणजे पसरलेलं कागदच असतात.

शेवटी नान्नज. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला. १९७९ मध्ये माळढोकासाठी तिथं अभयारण्य झालं. आपल्या आजोबांच्या पिढीला माळावर हा पक्षी सहज दिसायचा. त्यात विशेष काही आहे असं तेव्हा फार थोड्यांना वाटलं, आणि त्या थोड्यांनीच त्याच्या नोंदी ठेवल्या. आज एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. माळ ओसाड वाटला म्हणून तो मोडला गेला. अंधाराचंही तेच होतंय. रिकामा वाटतो, म्हणून तो भरायची घाई. माळढोकाच्या वेळी आपण जन्मलो नव्हतो. या वेळी आपण आहोत आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

पुढची अमावस्या कधी आहे ते आजच कॅलेंडरवर बघा. तीन-चार जण ठरवा, शहराबाहेरची एक जागा पक्की करा, पहिला फोटो काढा. तो चांगला येणार नाही, पहिला कुणाचाच येत नाही. तरी जपून ठेवा आणि खाली तारीख, वेळ, जागा आणि दिसलेल्या ताऱ्यांची संख्या लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहिल्यावर तोच लागणार आहे.